झानेलच्या पायातली दोरी

तोर्गिनच्या हातात सुरी द्यायची नाही, असा तिच्या आईच्या घरात कायदा होता. कुणी तो बोलून केलेला नव्हता, पण पाळत सगळे होते. कांदा चिरायला तोर्गिन पुढे झाली की आई म्हणायची, "राहू दे गं, तू बटाटे धू." पाहुणे आले, मांसाचं ताट मध्ये आलं, की सुरी आपोआप थोरल्या मामाच्या मांडीशी जाऊन बसायची. एकोणतीस वर्षांची बाई मुकाट बटाटे धुवायची. आणि गंमत अशी, की हीच बाई दिवसभर बाजारातल्या फुलांच्या दुकानात धारदार कात्रीने गुलाबांचे देठ छाटायची. महिला दिनाच्या आदल्या दिवशी तर तिने इतके देठ कापले की अंगठा सुजला. तिथे कुणाला तिची भीती वाटली नाही.

म्हणून थोरल्या बहिणीचा, बाल्झियाचा, फोन आला तेव्हा तोर्गिन फुलांची बादली तिथेच टाकून स्टुलावर बसली.

"झानेल उभी राहायला लागली," बाल्झिया सांगत होती. "भिंतीला धरून सगळी खोली पालथी घालते. रविवारी तुसाउ करतोय. दोरी तू कापायचीस."

"मी?"

"मग काय शेजारीण? मावशी आहेस ना तिची?"

"ताते," तोर्गिन म्हणाली. थोरल्या बहिणीला ती हीच हाक मारायची. "तुझी सासू मला फाटकातूनच परत पाठवेल."

"पोरगी माझी आहे. नऊ महिने पोटात मी वागवली, सासूने नाही," असं म्हणून बाल्झियाने फोन ठेवला.

तुसाउ म्हणजे, मूल पहिली पावलं टाकायच्या बेताला आलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची पीळदार दोरी बांधतात आणि कुणीतरी ती कापून त्याला मोकळं करतं. ज्याच्या हातून दोरी कापली जाते त्याचा स्वभाव मुलात उतरतो, हे तालदीकोर्गान शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे आयाबाया कितीतरी आधीपासून माणूस हेरून ठेवतात. चपळ हवी, हसरी हवी, भरल्या घरातली हवी. तोर्गिनला आजवर दोरी कापायला सोडाच, मुलाला चालवायच्या चादरीचं टोक धरायलाही कुणी बोलावलं नव्हतं. तिच्यासारखी पोर कुणाला हवी होती?

तिच्यासारखी म्हणजे कशी, असं विचारा, कुणीही गाडीचीच गोष्ट सांगेल. बाल्झियाच्या पाठवणीच्या दिवशी नवरदेवाकडच्या गाड्या निघाल्या, तेव्हा तोर्गिन पहिल्या गाडीपुढे रस्त्यातच बसली. आधी सगळे हसले. बहीण सासरी चाललीय, धाकटीला वाईट वाटणारच. पण ती उठेना. मामाने दंडाला धरून ओढलं तशी तिने पायातला बूट काढून गाडीचा आरसा फोडला, नवरदेवाला कसाई म्हणाली आणि बाल्झियाला म्हणाली, "तू गेलीस की मी मेले, लक्षात ठेव." त्याच सकाळी केस विंचरताना ती बाल्झियाला परी म्हणत होती. रात्री वऱ्हाड जेवत होतं आणि तोर्गिन इस्पितळात होती, दोन्ही मनगटांना पट्ट्या.

लोकांना आरसा आठवतो. तोर्गिनला आठवतो तो गाडीचं दार लागल्याचा आवाज. पायाखालची जमीन सरकली असं आपण सहज म्हणून जातो. तिची खरोखर सरकायची, आणि त्यासाठी बहिणीचं लग्नच लागायचं असं नाही, कुणी फोन उचलला नाही तरी पुरायचं. मग जो माणूस देव होता तो दगड व्हायचा, आणि त्याने हाक मारली की पुन्हा देव. तिला स्वतःलाही याचा कंटाळा यायचा, पण ते होताना ती त्यात पूर्ण बुडालेली असायची.

आईने आधी मुल्लाला बोलावलं. त्याने पाण्यावर फुंकर घातली, ते पाणी तोर्गिन महिनाभर प्यायली. जिन्न काही निघाला नाही, पोट मात्र बिघडलं. मग अल्माटीच्या डॉक्टरने आजाराला नाव दिलं, बॉर्डरलाइन. "बॉर्डर?" आई म्हणाली. "चीनची? तिकडे तर ही कधी गेलीच नाही!" शेजारणींना ती अजूनही 'पोरीला बॉर्डरचं दुखणं आहे' असं सांगते, आणि शेजारणी माना डोलावतात.

कामाची माणूस निघाली ती उश्तोबेची एक म्हातारी कोरियन बाई, रोझा विक्तोरोव्ना. दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत ती दर गुरुवारी असल्या आजाराच्या माणसांना मन सांभाळायला शिकवायची. पहिल्याच दिवशी ती तोर्गिनला म्हणाली होती, "तुझ्या शेगडीला बारीक आच नाहीच. पेटली की एकदम मोठी, आणि थंड व्हायलाही इतरांपेक्षा वेळ लागतो. हे नाटक नाही आणि जिन्नही नाही. पण दूध उतू गेलं तर पुसायचं तुलाच आहे, म्हणून शेगडीजवळ उभं राहायला शिक." त्यावर तोर्गिन दार आपटून निघून गेली. पुढच्या गुरुवारी परत आली, आणि तेव्हापासून येतच राहिली.

आठवडाभर ती दुकानात दोन खुर्च्यांच्या पायांना रिबन बांधून सराव करत होती. एका झटक्यात कापायचं. हात थरथरला तर लोकांना तेच हवं असणार.

रविवारी राबिगाच्या अंगणात सफरचंदाची झाडं फुलली होती आणि झाडांखाली टेबलं लागली होती. राबिगा म्हणजे बाल्झियाची सासू. आयुष्यभर तिने डेअरीतल्या गायी सांभाळल्या आणि माणसांशीही ती त्याच आवाजात बोलायची. तोर्गिन आईबरोबर आली. नवा हिरवा झगा, उकडत असूनही लांब बाह्या. आई दाराजवळच्या सामोवारापाशी चहा ओतायला गेली, आणि तोर्गिन भेटीचं पुडकं घेऊन घराकडे निघाली तर दाराशी राबिगा पाठमोरी उभी राहून माईकवाल्या सूत्रधाराला सूचना देत होती.

"दोरी शारबानू कापेल. माझ्या दिराची सून. नाव नीट घे, शारबानू."

"मला तर मावशीचं नाव सांगितलं होतं," माईकवाला म्हणाला.

"मावशी!" राबिगा हसली. "अरे, ती मावशी बूट काढते तेव्हा आरसे फुटतात. असलं वादळ नातीच्या पायात बांधू मी? आणि तिच्या हातात सुरी? चारचौघांत?"

इथवरचं तोर्गिनला अपेक्षित होतं. पण सामोवारापाशी आई उभी होती, आणि आई म्हणाली, "विहीणबाई, मीही तेच म्हणणार होते. तुम्ही वाईटपणा घेतलात ते बरं झालं."

मग सगळं एकदमच झालं. कान पेटले, बोटं बधिर झाली, पुडकं हातात चेपलं. बाल्झियाला माहीत होतं. नक्की माहीत होतं! तिनेच सासूला पुढे केलं आणि स्वतः नामानिराळी राहिली. पाच मिनिटांपूर्वी जी जगातली एकुलती एक आपली माणूस होती ती तातेसुद्धा कैदाशीण झाली. मुद्दाम बोलावलं मला, सगळ्यांसमोर दाखवायला, की बघा हिला काय मिळत नाही! टेबलावरच्या कापडाचं टोक वीतभर अंतरावर लोंबत होतं. एक हिसका, की चहा, तळलेले बाउरसाक, जर्दाळूचा मुरंबा, सगळं राबिगाच्या अंगणात. काय सुख झालं असतं! तोर्गिनने टोक मुठीत धरलंही.

मग सोडलं. कसं सोडलं ते तिलाही सांगता आलं नसतं. ती गोठ्यामागच्या नळावर गेली, गायीसाठी भरून ठेवलेल्या बादलीत, रोझा विक्तोरोव्नाने शिकवलं होतं तसं, तिने कानापर्यंत डोकं बुडवलं आणि श्वास संपेपर्यंत आत ठेवलं. पाणी डोंगरातलं, बर्फासारखं. सकाळी पार्लरमध्ये केलेले केस गेले. फोन काढून तिने बाल्झियाला लिहिलं, आजपासून मला बहीण नाही. पाठवायच्या खुणेवर अंगठा टेकवला.

"राग," ती मोठ्याने म्हणाली. गाय तिच्याकडे बघत होती. "राग आलाय मला," ती गायीला म्हणाली. मग पुन्हा डोकं बुडवलं, वर काढलं, आणि म्हणाली, "राग नाही. भीती. तातेलाही मी नकोशी झाले, ही भीती."

बाल्झियाला माहीत होतं, असं तिला सांगितलं कुणी? कुणीच नाही. पोटाने सांगितलं होतं, आणि हे पोट आजवर कितीदा खोटं बोललं होतं याचा हिशोब नव्हता. पण एक गोष्ट पोट खरी सांगत होतं. अपमान झाला होता. तो काही तिच्या मनाचा खेळ नव्हता, तो दाराशी उभं राहून तिने कानांनी ऐकला होता. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकदम धरून उभं राहणं भयंकर अवघड होतं. तिने लिहिलेलं पुसून टाकलं. मग ती घरात शिरली.

मागच्या खोलीत बाल्झिया झानेलला मखमली बंडी घालत होती. तोंडात टाचण्या होत्या.

"ताते, एक विचारते. खरं सांग. दोरी शारबानू कापणार हे तुला माहीत होतं?"

"कोण शारबानू?" बाल्झियाने टाचण्या काढल्या. "आणि तू भिजलीस कशाने?"

"बादलीत डोकं घातलं."

"का?"

"नाहीतर तुझ्या सासूचं टेबल उलटलं असतं."

बाल्झियाला सगळं कळायला एवढं पुरलं. पोरीला काखोटीला मारून ती उठली. "चल. बघतेच मी त्यांच्याकडे."

"तू नको. तू बोललीस की म्हणतील, दोघीही तसल्याच. मी बोलते."

"बोलशील नीट?"

"आवाज चढेल. चढला तर चढला."

अंगणात पांढरी चादर अंथरली होती. झानेलला एका टोकाला उभी केली, घोट्यांना दोरी बांधली. बाल्झिया मागून तिला धरून होती. शारबानू घडी घातलेल्या टॉवेलवर सुरी घेऊन उभी होती. बुटकी, गोरी बाई, डोळे जमिनीला लावलेले. माईकवाल्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "तर आता या शुभकार्यासाठी..."

"थांबा," तोर्गिन म्हणाली. ओल्या केसांचं पाणी खांद्यांवर गळत होतं. "दोरी मी कापणार. तिच्या आईने मला सांगितलंय."

राबिगाने ओठ आवळले. "तोर्गिन, बाळा, आज चांगला दिवस आहे. तमाशा नको."

"खाली बस!" आई ओरडली. "माझी अब्रू घालवू नकोस."

तोर्गिनने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. बायकांमध्ये कुजबुज झाली आणि थांबली.

"ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी बघून घ्या. चोरून बघण्यापेक्षा बरं. आई, तूही बघ. हे मी केलं, जिन्नाने नाही. आत जे पेटायचं ते सोसायचं नाही, म्हणून केलं. आता दुसरं काहीतरी करायला शिकतेय. राबिगाआपा, मगाशी तुमच्या दाराशी मी सगळं ऐकलं. तुमच्या टेबलाचं कापड माझ्या मुठीत होतं. मी ओढलं नाही. फुटलेला आरसा सगळ्या तालदीकोर्गानने बघितला. न फुटलेल्या कपबश्या कुणी बघतंय का?"

"म्हणजे कधीही ओढशील, असंच ना?" राबिगा म्हणाली.

"हो. कधीतरी ओढेनही. आणि काचा उचलायलाही मीच येईन. त्या आरशाचे पैसे माझ्या पगारातून गेले, ते मात्र कुणी सांगत नाही." तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. "म्हणता ना, पोरीत माझा स्वभाव उतरेल? थोडा उतरू दे. आरसा फोडला ते चुकलं. बहीण चाललीय म्हणून रडले ते नाही चुकलं! मला माझ्या भाचीची दोरी कापायचीय. मला ती हवीय आणि मी ती मागतेय. एवढंच म्हणायचं होतं."

मागच्या बाकावरून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बोलते तरी तोंडावर!" दोघी-तिघी हसल्या. राबिगा हसली नाही. ती शारबानूकडे वळली. "तू काप गं. पाहुणे ताटकळलेत."

शारबानू जागची हलली, पण चादरीकडे गेली नाही. तोर्गिनसमोर येऊन तिने टॉवेल पुढे केला.

"शारबानू!"

"आपा, मला तुम्ही विचारलंच नव्हतं," शारबानू म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की माईकवाल्याने नकळत माईक पुढे केला. "मला सगळे शांत म्हणतात. मला कुणी कधी काही विचारतच नाही, म्हणून मी शांत. असली शांतता पोरीला कशाला?"

तोर्गिनने सुरी उचलली. शिंगाच्या मुठीची, जुनी, जड. आईचा हात पुढे आला आणि हवेतच राहिला. सगळं अंगण त्या पात्याकडे बघत होतं, जणू आता तोर्गिनचं काहीतरी होणार. तोर्गिनलाही ते दिसत होतं. ती गुडघ्यांवर बसली. झानेलने तिच्या ओल्या केसांची बट पकडली आणि ओढली.

"सोड गं, भवाने," तोर्गिन म्हणाली.

लोकर म्हणजे रिबन नव्हे. एका झटक्यात कापली गेली नाही, पीळ घट्ट होता, पातं दोनदा चालवावं लागलं. मग दोरी सुटून पडली. तोर्गिनने सुरी टॉवेलवर ठेवली. बायकांनी मुठी भरभरून गोळ्या उधळल्या, माईकवाला सुटकेच्या आनंदात ओरडला, आणि दोघी बहिणींनी दोन बाजूंनी झानेलचे हात धरले. पोरगी चादरीवरून चालू लागली. मध्यावर तिने दोन्ही हात हिसडून सोडवले, धावायला गेली आणि चादरीबाहेरच्या विटांवर गुडघ्यावर आपटली.

आधी आवाजच फुटला नाही. तोंड उघडं, चेहरा लालबुंद. मग ती अशी किंचाळली की गोठ्यातली गाय हंबरली.

लगेच चारी बाजूंनी बायका धावल्या. "काही नाही झालं, काही नाही झालं!" "रडायचं नाही, शहाणी ना तू?" "ही बघ गोळी!" "शी, सगळे बघतायत!" झानेल आणखी जोरात किंचाळली, पाय आपटायला लागली, गोळी देणाऱ्या हाताला चावली.

"घ्या," राबिगा म्हणाली. "आली मावशीवर. अजून दोरीही उचलली नाही जमिनीवरून."

सगळ्यांनी तोर्गिनकडे बघितलं. आईनेही. बायकांच्या मधून घुसून तोर्गिन विटांवर फतकल मारून बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. थोपटलं नाही, झुलवलं नाही, गप्प हो म्हणाली नाही.

"लागलं," ती म्हणाली. "जोरात लागलं गं तुला. केवढं तरी लागलं."

"अगं, गप्प कर ना तिला!" आई म्हणाली.

"कशाला? पडलीय ती. वीट लागलीय. रडणार नाही तर काय करेल?"

झानेल तिच्या गळ्यात तोंड खुपसून रडली. सगळे उभे होते, मांस निवत होतं, आणि ती रडत होती. मग रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांची उचकी झाली. तिने डोकं वर काढून स्वतःचा गुडघा बघितला, तोर्गिनला दाखवला. तोर्गिनने तो नीट बघितला. मग पोरीला विटांवरची एक लाल गोळी दिसली आणि ती मांडीवरून खाली घसरली.

"बघा, थांबली," मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली. पाहुणे टेबलांकडे पांगले. राबिगा कढईकडे गेली.

आई तिथेच उभी राहिली. इकडेतिकडे बघून ती जवळ आली, गुडघे दुखत असूनही वाकली आणि हळू आवाजात विचारलं, "तुलाही एवढं लागायचं का गं?"

तोर्गिनने आवाज हळू केला नाही.

"याहून जास्त, आई. आणि मी खोटं रडत नव्हते."